ताईंचा डावा हात

मी एक जुना डिंक आहे असे म्हटले, तर ते अर्धेच खरे होईल. डिंक एकदा धरतो आणि मग धरूनच राहतो. मी मात्र सांगितले की धरत असे आणि सांगितले की सोडत असे. आज मी एका काचेच्या बरणीत आहे. तळाशी घट्ट काळा थर आणि त्यावर बोटभर पिवळट तेल, एवढेच माझे रूप उरले आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर रंगाचा डबा धुवायचा राहून गेला असेच म्हणाल. म्हणून मी कोण, ते आधी सांगतो.

पिठाहून बारीक अशी लोखंडाची पूड तेलात कालवली की मी तयार होतो. एरवी मी पातळ चिखलासारखा, वाट मिळेल तिकडे पसरणारा. पण जवळ चुंबक आला की माझ्यातले कण एकामागे एक रांगा धरतात, एकमेकांना घट्ट चिकटतात आणि पापणी लवायच्या आत मी टणक होतो. चुंबक दूर गेला की रांगा मोडतात आणि मी पुन्हा पातळ होतो. चुंबकाचा जोर कमी ठेवला तर मी लोण्यासारखा, वाढवला तर दगडासारखा. माझे काही भाऊबंद मोटारींचे धक्के सोसण्याच्या कामाला लागले आहेत. माझ्या वाट्याला डोळे आले.

एका अरुंद रस्त्यावर दोन खोल्यांचा एक गाळा होता. पुढच्या खोलीत मोठी खिडकी, एक उंच खुर्ची आणि आरसा. मागच्या खोलीत घासण्याचे यंत्र, साचे उकळायचे भांडे आणि एक लांब टेबल. एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ तिथे कृत्रिम डोळे तयार करत. सगळे तिला ताई म्हणत आणि त्याला भाऊ. ताई स्वतः मात्र त्यांना धाकट्या म्हणत, त्यांचे केस पांढरे झाले तरीसुद्धा.

कृत्रिम डोळा म्हणजे गोटी नव्हे, मित्रांनो. तो शिंपल्यासारखा पातळ, आतून पोकळ तुकडा असतो आणि पापण्यांमागच्या खोबणीत बसतो. प्रत्येकाची खोबण निराळी, म्हणून प्रत्येकाचा डोळा निराळा. भाऊ खोबणीचा साचा घेत, डोळा ओतत आणि त्याची कड घासून तो बसता करत. ताई त्याला रंग देत. समोरच्या माणसाच्या चांगल्या डोळ्यात त्या इतक्या निरखून बघत की काही जण लाजून मान फिरवत. पांढऱ्या भागावर शिरा दाखवायला त्या लाल रेशमाचा धागा पिंजून केसाहून बारीक तंतू काढत आणि चिमट्याने एकेक मांडत. शेवटी त्यावर पारदर्शक थर चढे.

शेजारच्या गाळ्यात एक गृहस्थ कवळ्या करत. त्यांना सगळे कवळीवाले काका म्हणत. "या रस्त्यावर दात झाले, डोळे झाले. एक कानवाला तेवढा आणून बसवला की माणूस पूर्ण," असे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत.

"आणि जीभ कोण देणार?" ताई विचारत.

"तुमच्याकडे दोघांपुरती आहे की."

मी जन्माला आलो तो ताईंच्या दुखण्यामुळे. एका सकाळी त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. वाचा परत आली, पायही हळूहळू चालू लागला, पण डावा हात परतला नाही. कुणी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा तो मांडीवर पडून राही. उजव्या हाताचे कसब जसेच्या तसे होते. पण डोळा रंगवायला दोन हात लागतात, एक रंगवणारा आणि एक धरणारा.

काकांनी मेण आणून दिले. मेण गरम करून लावावे लागे, गार झाले की खरवडावे लागे आणि मधे डोळा जरा कलता करायचा म्हटले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. शिकंज्यात धरला तर कडेला खुणा पडत. शेवटी भाऊ स्वतःच डोळा बोटांत धरून ताईंसमोर बसू लागले.

"हलू नकोस, धाकट्या."

"मी कुठे हलतोय? श्वास घेतोय फक्त."

"मग तो घेऊ नकोस."

"आणि मेलो म्हणजे?"

"मग निदान शीर सरळ येईल."

दोघेही हसत. शीर मात्र वाकडीच येई, आणि भाऊंचे घासण्याचे काम पडून राही. एकदा ताईंनी चिमटा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तू दुसरा रंगारी बघ. माझं आता होत नाही." भाऊ उठून बाहेर गेले आणि संध्याकाळी एक जुना विद्युतचुंबक बगलेत मारून परतले.

भाऊ तरुणपणी मोटारी दुरुस्त करत. माझ्यासारखा द्रव त्यांनी तिथेच पाहिला होता. पहिल्या वेळी त्यांनी कानशीने लोखंड घासून जाडीभरडी पूड केली. तिने डोळ्याला पाठीमागून ओरखडे पडले. दुसऱ्या वेळी तेल इतके पातळ पडले की पूड तळाशी जाऊन बसली. मग त्यांनी कुठूनशी राखेसारखी मऊ पूड मिळवली, तेल बदलले, त्यात थोडे ग्रीस घातले आणि लाकडी पट्टीने घोटत बसले. मी तयार झालो.

माझ्यासाठी त्यांनी एक पितळी ताटली केली. ताटलीच्या मध्यभागी लोखंडाचा लहानसा घुमट होता. डोळ्याच्या पोकळीत तो बरोबर जाई आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत माझा पातळ थर राही. खाली विद्युतचुंबक आणि टेबलाखाली पायाने दाबायचे पेडल. पेडल अर्धे दाबले की डोळा धरलेला राही, पण बोटाने हवा तसा कलवता येई. पुरते दाबले की तो जागचा हलत नसे. पेडल तसेच अडकवून ठेवायला बाजूला एक खटकी होती. पाय काढला किंवा खटकी सोडली की डोळा अलगद हातात येई. मागे लागलेले तेल पुसले की झाले. वीज गेली तर मी हातातले सोडून देईन हे भाऊंच्या आधीच लक्षात आले होते, म्हणून त्यांनी खाली एक बॅटरीही जोडली.

पहिल्या दिवशी ताईंनी मी धरलेल्या डोळ्यावर लाल रेशमाचा एक तंतू मांडला आणि श्वास सोडला. डोळा तसूभरही हलला नाही. त्यांनी दुसरा मांडला. मग तिसरा. भाऊ पलीकडे यंत्रापाशी उभे होते. त्यांनी यंत्र चालू केले, पण घासायला काही हातात घेतले नव्हते.

त्यानंतर ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून देत, "हा माझा डावा हात." लोक वाकून ताटलीत बघत आणि काळ्या चिखलाला नमस्कार करावा की नको अशा विचारात पडत. मला अर्थातच अभिमान वाटे. किती जणांचे डोळे माझ्यावर झाले! बस चालवणाऱ्याचा, गाणे शिकवणाऱ्या बाईंचा, स्वतःच्याच लग्नाआधी घाईने आलेल्या एका नवरदेवाचा. त्याला काका म्हणाले होते, "डोळे उघडे ठेवून लग्न करतोय, धाडसी आहे." तो नवरदेव इतका हसला की ताईंना बुबुळाचा रंग पुन्हा पहिल्यापासून बघावा लागला.

माझी देखभाल भाऊ करत. माझ्यातली पूड रात्रभरात खाली बसू लागे, म्हणून गाळा उघडला की ते आधी लाकडी पट्टीने मला तळापासून ढवळत आणि मगच चहा ठेवत. संध्याकाळी खटकी सोडलेली आहे ना ते पाहत, कारण चुंबक जास्त वेळ चालू राहिला की तापतो आणि माझे तेल सुटू लागते. आणखी एक काम फक्त तेच करत. ताईंचा एकुलता हात कुठल्या बाजूने येईल, प्रकाश कुठून पडेल, मनगट कुठे टेकेल हे पाहून डोळ्याला कोन द्यायचा. ताईंनी तो कधी स्वतः लावला नाही. भाऊ लावत आणि म्हणत, "घे. तुझ्या हातासमोर आणून ठेवलाय."

आता ठकीबद्दल सांगतो. ठकी एका शिंप्याची मुलगी. तान्हेपणी आजारात तिचा एक डोळा गेला होता आणि तेव्हापासून तिचे डोळे याच गाळ्यात होत. लहान मुलांचे चपलांसारखेच असते. मूल वाढते, खोबण वाढते आणि जुना डोळा ढिला होतो. त्या वर्षी ठकीचा डोळा इतका सैल झाला की शाळेत जेवताना डब्यात पडला.

"मैत्रिणी ओरडल्या का गं?" ताईंनी विचारले.

"एक रडली. मग मी धुऊन परत लावला."

शिंपीदादा म्हणाले, "आता परत परत पडतोय, ताई. काढूनच ठेवलाय."

"काढून फार दिवस ठेवू नका. खोबण रिकामी राहिली की आवळत जाते, मग नवा डोळा नीट बसत नाही. आम्ही लवकर करून देतो."

भाऊंनी साचा घेतला, डोळा ओतला, कड घासली. ठकीला बसवून पाहिला, तो पहिल्याच खेपेला बेतशीर बसला. ताईंनी बुबुळ रंगवले. राहिल्या होत्या त्या शिरा आणि वरचा थर. दुसऱ्या सकाळी भाऊंनी मला ढवळले, ठकीचा डोळा घुमटावर ठेवला, पेडल अर्धे दाबून बोटाच्या टोकाने त्याला कोन दिला, मग पुरते दाबून खटकी अडकवली.

"घे, मांड तुझ्या शिरा. मी जरा पाठ टेकतो," ते म्हणाले.

ते पुढच्या खोलीत जाऊन उंच खुर्चीवर बसले. ताईंनी रेशीम पिंजायला घेतले. थोड्या वेळाने चहाचे भांडे उतू गेले, ते त्यांनी ऐकले आणि हाक मारली. पुन्हा मारली. मग काठी टेकत त्या पुढच्या खोलीत गेल्या. भाऊ खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले होते.

त्या गडबडीत माझी खटकी कुणी सोडली नाही. गाळ्याला कुलूप लागले आणि मी ठकीचा डोळा धरून अंधारात राहिलो.

गाळा पुन्हा उघडला तेव्हा काका ताईंबरोबर आले होते. ताटलीजवळ हात नेताच त्यांना ऊब जाणवली. "अरेच्चा, हे चालूच राहिलंय," असे म्हणून त्यांनी खटकीला हात घातला.

"हात लावू नका," ताई म्हणाल्या.

"तापलंय, ताई."

"तापू दे. तो कोन त्यानं लावलाय. एकदा सोडला की परत तसा लागायचा नाही."

काकांनी हात मागे घेतला. त्यांना वाटले, आज नाही तर उद्या ताई शिरा मांडतील आणि स्वतःच सोडतील. ताई टेबलाशी बसल्या. चिमटा उचलला, तंतू धरला, डोळ्यापर्यंत नेला आणि परत आणला. काम पुरे झाले की डोळा सोडावा लागणार, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. म्हणून त्यांनी ते पुरे केले नाही.

असे दिवस जाऊ लागले. ताई रोज येत, मागच्या खोलीत बसत आणि त्या डोळ्याकडे बघत. नवे काम घेत नसत. मला कुणी ढवळत नव्हते, ढवळता आलेही नसते. माझे तेल कडेने पाझरून ताटलीत उतरू लागले. घुमटावर उरलेले कण कोरडे पडत चालले आणि एकमेकांत रुतू लागले. एका दुपारी रस्त्यावरची वीज गेली. ताई दचकून उठल्या आणि उजव्या हाताची ओंजळ करून डोळ्याखाली धरून उभ्या राहिल्या. खालच्या बॅटरीचा लाल दिवा लागला, मी धरलेले सोडले नाही, तेव्हा त्या खाली बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

काका बॅटरी बदलून देत आणि बडबडत. "मी कवळ्या करणारा माणूस. मेलेल्यांच्या कवळ्या परत करायला येतात लोक, काका ठेवून घ्या म्हणतात. मी म्हणतो, मी काय करू त्यांचं? चावू?" ताई एरवी याला काहीतरी उत्तर देत. आता त्या नुसती मान हलवत.

शिंपीदादा आले ते आधी समाचाराला. डोळ्याचा विषय त्यांनी काढला नाही. पुन्हा आले तेव्हा टोपी हातात फिरवत उभे राहिले.

"ताई, घाई नाही. पण तुम्हीच म्हणाला होता, रिकामी ठेवू नका म्हणून."

"पुढच्या आठवड्यात या," ताई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यातही त्यांनी तेच सांगितले. शिंपीदादा भिडस्त होते. ज्या घरात माणूस गेले तिथे आपल्या कामाचा तगादा कसा लावायचा, असे त्यांना वाटे. त्या दोघांच्या भिडेत ठकीची खोबण मात्र रोज थोडी थोडी आवळत होती.

शेवटी एक दिवस ते ठकीलाच घेऊन आले. तिने डोळ्यावर कापडाची पट्टी बांधली होती, बापानेच शिवलेली, कडेला बारीक टिपा घातलेली. मोठी माणसे पुढच्या खोलीत बोलत होती. ठकी मागच्या खोलीत आली आणि स्टुलावर चढून माझ्यासमोर वाकली. बराच वेळ तिने त्या डोळ्याकडे पाहिले.

"ताई," तिने तिथूनच विचारले, "हा माझाच आहे ना?"

ताई दारात आल्या. "हो. तुझाच."

"मग हा इथे का राहतो?"

शिंपीदादा तिला गप्प करायला पुढे झाले. ताईंनी त्यांना हातानेच थांबवले. त्या टेबलापाशी आल्या, खाली वाकल्या आणि खटकी सोडली. मग उजवा तळवा डोळ्याखाली धरला, पूर्वी रोज धरत तसा.

डोळा आला नाही.

मित्रांनो, चुंबक बंद झाला होता. रांगा मोडायला हव्या होत्या, मी पातळ व्हायला हवे होते. पण माझ्यात मोडण्यासारखे काही उरले नव्हते. तेल निघून गेले होते आणि माझे कण जळक्या भाताच्या खरपुडीसारखे घुमटाला आणि डोळ्याला धरून बसले होते. ताईंनी डोळा दोन बोटांनी हलवून पाहिला. एकदा, मग जरा जोराने. मी ज्या कामासाठी जन्मलो त्यातले निम्मे काम मला त्या दिवशी आले नाही.

"जोर लावू नका, तडकेल," काका म्हणाले. त्यांनी कोमट तेल आणले आणि थेंब थेंब कडेने सोडत बसले. लाकडी काडीने ते मला कणाकणाने उकरत होते. ठकी स्टुलावरच बसून होती. दुपार कलली तेव्हा डोळा सुटला. त्याच्या पोकळीत माझा काळा लेप बसला होता, तो त्यांनी घासून काढला. डोळा शाबूत होता.

ताईंनी तो धुतला आणि ठकीला उंच खुर्चीवर बसवले. त्या खुर्चीवर भाऊंनंतर कुणी बसले नव्हते. त्यांनी वरची पापणी उचलून डोळा आत सरकवला. तो गेला, पण पुरता गेला नाही. पापणी ताणली, खालची कड बाहेरच राहिली. ठकीने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. ताईंनी लगेच डोळा बाहेर काढला.

"खोबण आवळलीय," त्या शिंपीदादांना म्हणाल्या. "इतके दिवस रिकामी राहिली म्हणून. माझ्यामुळे."

"असं कसं, ताई. भाऊ गेले ना."

"भाऊ गेला. मी होते की."

शिंपीदादा कापडी पट्टीची घडी घालत राहिले.

ताईंनी डोळा काकांपुढे धरला. "कड घासून लहान करा. सगळीकडून. मी सांगते तितकी."

काकांनी तो घेतला नाही. "ताई, ही कड भाऊंच्या हातची आहे. शेवटची."

"मला माहीत आहे."

"नवा साचा घेऊ. नवा ओतू. हा तुमच्यापाशी राहू द्या."

"नव्याला वेळ जाईल आणि तोवर ती आणखी आवळेल. काका, माझ्याच्यानं एका हातानं झालं असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं. घासा."

यंत्र सुरू झाले. काकांना कवळ्या घासायची सवय होती, तोच पदार्थ, तोच दगड. तरी ते दर थोड्या वेळाने थांबत. भाऊंनी दिलेली गोलाई पांढरी भुकटी होऊन टेबलावर पडत होती. ताई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "इथे अजून. इथे नको. आता खालून." ठकीला पुन्हा बसवले, पुन्हा काढले, पुन्हा घासले. अखेर डोळा बसला. मग ताईंनी ओले फडके घेतले, टेबलावरची भुकटी पुसली आणि फडके मोरीत पिळले. काम संपल्यावर त्या नेहमी पुसत, तसेच.

शिरा अजून राहिल्या होत्या आणि त्या मांडायला धरणारे कुणी नव्हते. माझा उपयोग संपला होता. काकांनी मला खरवडून, ताटलीत उतरलेल्या तेलासकट, या बरणीत भरले. भाऊंच्या डब्यात लोखंडाची पूड उरली होती आणि तेलही होते. ताईंनी ते कधी कालवले नव्हते, नुसते पाहिले होते. पहिल्यांदा घट्ट झाले. त्यांनी तेल वाढवले आणि लाकडी पट्टी उजव्या हातात धरून दिवसभर घोटत राहिल्या. माझ्या जागी ताटलीत नवा द्रव आला. मी फळीवरून पाहत होतो.

कोनही त्यांनीच लावला. तो भाऊंसारखा नव्हता, मनगट अधांतरी राहत होते. त्यांनी एक पुस्तक मनगटाखाली सरकवले. रेशमाचा पहिला तंतू वाकडा गेला, तो काढून पुन्हा मांडला. सगळ्या शिरा झाल्या. मग त्यांनी पेडलवरून पाय उचलला आणि डोळा त्यांच्या तळव्यात आला. त्या तशाच बसून राहिल्या. काकांनी दारातून पाहिले आणि आत न येता परत गेले.

वरचा थर चढला आणि ठकी डोळा लावायला आली. आरशासमोर तिने आधी उजवीकडून पाहिले, मग डावीकडून. डोळा सुंदर होता, रंग चांगल्या डोळ्याशी तंतोतंत जुळत होता. पण लहान झाल्यामुळे त्याच्यावरची पापणी अर्धवट खाली येत होती.

"हा झोपाळू आहे," ठकी म्हणाली.

"हो," ताई म्हणाल्या. "आम्ही त्याला उशीर केला."

"उद्या नीट उघडेल?"

शिंपीदादा घाईने हो म्हणणार होते. ताई त्यांच्याआधी बोलल्या. "उद्या नाही. दर थोड्या महिन्यांनी जरा मोठा करत जाऊ. पण अगदी पहिल्यासारखा उघडेल, असं मी सांगणार नाही."

ठकीने मान डोलावली. तिने आरशात आणखी एकदा पाहिले, चांगला डोळाही अर्धा मिटला, म्हणजे दोन्ही सारखे झाले, आणि तशीच बापाचा हात धरून रस्त्यावर उतरली.

आता ताईंचा डावा हात तो नवा द्रव आहे. त्या स्वतः त्याला सकाळी ढवळतात आणि गाळा बंद करताना खटकी तपासतात, एकदा नव्हे, दोनदा. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. वापरून संपलेल्या वस्तूला फळी मिळाली, हे पुष्कळ झाले.

पण मित्रांनो, एक विनंती आहे. आमच्यासारख्या वस्तूंना जपायचे असेल तर त्यांना वापरा, पुसा, वेळेवर विसावा द्या. माणूस गेले म्हणून त्याच्या हातची वस्तू त्याने ठेवली तशीच ठेवू नका, तिची वाट कुणी पाहत असेल तर मुळीच नको. मला बोलता आले असते तर पहिल्याच आठवड्यात सांगितले असते, ताई, माझ्यावरचा डोळा काढून घ्या, हा ठकीचा आहे. ते सांगता आले नाही. ठकी अजून दर थोड्या महिन्यांनी येते, उंच खुर्चीवर बसते, आणि ताई तिची पापणी उचलून किती जागा झाली ते बघतात.